उतारावर थांबणारी खरखर

रेडिओ दुरुस्त करणं सोपं आहे, गिऱ्हाइकाकडून खरं काढून घेणं अवघड. साताऱ्यात स्टँडच्या मागं माझं दुकान आहे, आणि तिथं येणारा प्रत्येक माणूस एकाच वाक्यानं सुरुवात करतो, "काय केलं न्हाई हो, आपोआप बिघडला." आपोआप बिघडलेला रेडिओ मी अजून पाहिलेला नाही. कुणी आत चहा सांडलेला असतो, कुणी पोराच्या हातात पेचकस दिलेला असतो, कुणी घरातलं भांडण रेडिओवर काढलेलं असतं. म्हणून मी आधी दोन शब्द सुनावतो आणि मग झाकण उघडतो. लोक मला तापट म्हणतात. म्हणू देत.

चौऱ्याहत्तर साली आष्ट्याच्या नानासोंची गाडी माझ्याकडं यायला लागली. नानासो म्हणजे ऊसवाले, बागाईतदार माणूस. त्यांनी नवा ट्रक घेतला होता आणि त्यात रेडिओ बसवून घेतला होता. त्या काळात ट्रकमध्ये रेडिओ असणं ही साधी गोष्ट नव्हती. सांगलीच्या मार्केट यार्डात नानासो स्वतः गाडीत असले की फाटकाच्या अलीकडंच आवाज मोठा करायचे, हमालांनी माना वळवेपर्यंत. एरवी गाडीत ड्रायव्हर एकटाच असायचा. सांगलीहून हळद नाहीतर गूळ भरायचा, पुण्याला उतरायचा आणि मिळेल तो माल घेऊन परतायचा.

ड्रायव्हर केरबा. मिलिटरीत गाड्या चालवून पेन्शनीत आलेला, चाळिशीचा गडी. बुटांना पॉलिश, दाढी रोजची, बोलणं मोजकं. काही विचारलं की आधी ताठ उभा राहायचा आणि मग उत्तर द्यायचा. मला असली माणसं आवडतात, कारण ती खोटं बोलत नाहीत असा माझा समज होता.

पहिली तक्रार दसऱ्यानंतर आली. रेडिओ लागायचा, पण आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. कऱ्हाड सोडलं की सांगली स्टेशन नाहीसंच व्हायचं. मी एरियलचं बूड सोडवलं आणि खाली पाहिलं, तर मोरपंखी निळा रंग. खंडेनवमीला गाडीची पूजा, आणि नानासोंची गाडी पूजेला कंपनीच्या साध्या रंगात कशी उभी राहणार? आष्ट्याच्या पेंटरनं एरियल काढून खालच्या पत्र्यावर दोन हात ऑइल पेंट मारला होता आणि वर एरियल परत आवळलं होतं. एरियलच्या बुडाला उघडा पत्रा लागतो. मध्ये रंग आला की ते नुसतं शोभेचं. मी तेवढा गोल खरवडला, एरियल बसवलं, आणि सांगली दुकानासमोर खणखणीत वाजायला लागली.

मार्गशीर्षात केरबा पुन्हा आला, एकटाच.

"मिस्त्री, आता लांबनं बी ऐकू येतंय," तो म्हणाला. "पन चढाला आन सपाटीला लय खरखर करतंय."

"आणि उतारावर?"

"उतारावर गप."

"म्हणजे रेडिओ गप?"

"न्हाई, न्हाई. खरखर गप. गाणं चक्क येतंय."

गाडी उभी ठेवून इंजिन चालू केलं, ॲक्सिलरेटर दाबून पाहिला. खरखर नाही. मग नाक्यापर्यंत फेरी मारली, तर सपाट रस्त्यावर खरखर सुरू. कढईत मोहरी तडतडावी तशी. आता, गाडी चालताना खरखर होते म्हटल्यावर मी आधी इंजिनाकडंच वळणार. पण केरबाचं ते "उतारावर गप" आडवं येत होतं. उतारावर गाडी गिअरमध्ये असते, इंजिन फिरतं, डायनामो फिरतो, चाकं तर जास्तच जोरात फिरतात. मग खरखर थांबायचं कारण काय? फरक एकच उरतो. गाडीचं नाक खाली आणि शेपूट वर. म्हणजे आत काहीतरी सैल आहे आणि ते गाडी झुकली की जागेवर बसतं, असा मी हिशेब केला.

झालं. सबंध दुपार मी झुकणारी वस्तू शोधण्यात घालवली. बॅटरी आवळली. सीटखालच्या पान्यांची पेटी बांधली. हॉर्नच्या वायरी बांधल्या. समोर औंधच्या यमाईची तसबीर होती, तिच्यावर छोटा लाल बल्ब. मी तो काढायला हात घातला, तर केरबानं माझं मनगट धरलं.

"देवीचा दिवा काढू नगा."

"अहो, त्याच्या वायरीत दोष असेल."

"आसंना. काढू नगा."

मी वायर बदलली, दिवा ठेवला. पुन्हा फेरी मारली. खरखर तशीच. माझं डोकं तापलं आणि मी पाना फळीवर आपटला. केरबा शांतपणे म्हणाला, "गुरुवारपातुर हुईल का?"

"का? गुरुवारी काय आहे? मालकाला बातम्या ऐकायच्यात?"

त्यानं आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. तरी तो माझ्याजवळ सरकला.

"आमची मंडळी गाती सांगलीवर," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

मग तुकड्यातुकड्यानं कळलं ते असं. त्याची बायको मनुबाई जात्यावर फार चांगलं गायची. केरबा सुट्टीवर आला की बाहेर सोप्यात निजायचा आणि पहाटे आतून येणारं गाणं ऐकत पडून राहायचा. घर माणसांनी भरलेलं. दिवसभर नवरा-बायकोचं बोलणं म्हणजे "भाकरी वाढ" आणि "कवा जानार" एवढंच. गाणं मात्र ऐकायला मिळायचं. केरबा पेन्शनीत आला तोपर्यंत गावात पिठाची गिरणी झाली होती. जातं भिंतीला लागलं आणि गाणंही संपलं. मग सांगलीच्या रेडिओची माणसं जुन्या ओव्या गोळा करत आष्ट्याला आली. शेजारच्या लीलाबाईंनी मनुबाईला पुढं ढकललं. दिवाळीत दुपारच्या बायकांच्या कार्यक्रमात तिच्या ओव्या लागल्या. तेव्हा केरबा खंबाटकीच्या घाटात होता. त्यानं त्या ऐकल्या. पुढं तिला पुन्हा बोलावलं, आणि ते नवं गाणं येत्या गुरुवारी लागणार होतं.

"घरी थांबून ऐका की," मी म्हणालो.

"पोरंबाळं, आईबा, शेजारपाजार, समदी बसनार. त्यात मी बी कान लावून बसू व्हय?" तो म्हणाला. "मिस्त्री, मालकाला ह्यातलं काय बोलू नगा. तालमीत गेलं की बायलवेडा म्हनून हाक मारत्याल."

मी कुणाला काही सांगणार नाही असं कबूल केलं. पण रेडिओ काही मला जमला नाही, आणि तो खरखर घेऊनच गेला.

गुरुवारी बाराच्या आत गाडी आली ती नानासोंसकट. त्यांचं साताऱ्यात कोर्टाचं काम होतं, ते लवकर आटोपलं होतं. गाडी रिकामी होती, माल संध्याकाळी भरायचा होता. नानासोंनी दुकानाच्या फळीवर हात टेकला.

"लालासाहेब मिस्त्री, दोनदा गाडी आली तुमच्याकडं. दोष घावला का न्हाई?"

"दोष चढ-उताराचा आहे. साताऱ्यात उभ्या उभ्या तो सापडायचा नाही."

"मग चला घाटात. माझ्यासमोर दावा."

मी हत्यारांची पिशवी घेतली आणि दोघांच्या मध्ये बसलो. सुरूरपर्यंत सपाटीला खरखर, घाट चढताना तर गाणं कुठलं आणि मोहरी कुठली तेच कळेना. अर्ध्या घाटात एका वळणावर शेंदूर लावलेला दगड आहे. तिथं नानासोंनी गाडी हळू करायला लावली आणि हात जोडले. त्यांचा धाकटा भाऊ अर्जुना त्यांची पहिली गाडी चालवायचा. डिझेल वाचवायला तो उतारावर इंजिन बंद करायचा, तेव्हा बरेच ड्रायव्हर करायचे. इंजिन बंद झालं की ब्रेकला जोर राहत नाही. एक-दोनदा दाबला की संपला. अर्जुनाची गाडी त्या वळणावर वळलीच नाही. त्याला दहा-बारा वर्षं झाली असतील, पण नानासोंकडं कामाला लागणाऱ्या ड्रायव्हरला पहिली अट हीच होती की उतारावर इंजिन बंद करायचं नाही. केलं तर त्याच दिवशी घरी.

माथ्यावर गाडी वळवली आणि आम्ही उतरायला लागलो. मी कान टवकारले. केरबानं दुसरा गिअर टाकला, इंजिन घुमायला लागलं, आणि खरखर जशीच्या तशी. वळण आलं, गेलं. खरखर चालूच. पायथ्याला आलो तरी चालूच.

"केरबा," मी म्हणालो, "उतारावर गप होते म्हणाला होतात."

केरबानं रस्त्यावरची नजर काढली नाही.

"कुठाय गप?"

त्यानं गिअर बदलला. माझ्या मस्तकात तिडीक गेली. याच्या एका वाक्यापायी मी बॅटरीपासून देवीच्या दिव्यापर्यंत गाडी पिंजून काढली होती. मिलिटरीतली माणसंही खोटं बोलतात तर!

सुरूर फाट्यावर चहाच्या टपरीसमोर गाडी थांबवली. नानासो खाली उतरले, चहा सांगितला आणि मला म्हणाले, "काढा त्यो डबा. माझ्या सोप्यात लावतो. गाडीत रेडिओ बी नगं आन तुमची कटकट बी नगं."

मी केरबाकडं पाहिलं. दुपार झाली होती, कार्यक्रमाला फार वेळ नव्हता. रेडिओ निघाला असता तर आजचं गाणं गेलंच, पुढचंही गेलं. केरबा गाडीच्या नाकाशी ताठ उभा राहिला, दोन्ही हात मांड्यांना लावून.

"मालक, मिस्त्रीचं चुकल्यालं न्हाई. म्याच खरं सांगितलं न्हाई," तो म्हणाला. "उतारावर खरखर गप हुती, कारन उतारावर मी इंजिन बंद करतो."

नानासोंनी हातातला चहा हळूच जमिनीवर ओतला.

"कवापास्नं?"

"दिवाळीपास्नं."

"ह्याच घाटात?"

"व्हय."

"डिझेल वाचवून विकतोस?"

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. दिवाळीपासून! दिवाळीतच तर तिचं पहिलं गाणं लागलं होतं. खरखरीतून शब्द कळेनात म्हणून यानं इंजिन बंद केलं, आणि मग रेडिओवर बायकांचं गाणं लागलं की तीच असेल म्हणून दर उतारावर करत राहिला. डिझेलच्या थेंबाशी त्याचा संबंध नव्हता. मी तोंड उघडलं. केरबानं माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी कबूल केलं होतं, म्हणून मी ते मिटलं.

"व्हय," केरबा म्हणाला. "विकतो."

मला त्याचा असा राग आला की सांगता येत नाही. पंधरा वर्षं सरकारची चाकरी केलेला माणूस चोर म्हणवून घ्यायला तयार होता, पण बायकोचं गाणं ऐकतो हे कबूल करायला नाही. आणि खरं सांगायचं तर मला त्याचं वाईटही वाटलं, कारण त्याच्या जागी मी असतो तरी हेच बोललो असतो. आमच्याकडं चोराला लोक चार महिन्यांत विसरतात. बायलवेड्याला त्याच्या नातवंडांसमोर चिडवतात.

नानासो ओरडले नाहीत. ते म्हणाले, "त्या दगडाला रोज बघत जातोस आन तिथंच इंजिन बंद करतोस. सांजच्याला गाडी साताऱ्यात लाव. किल्ली मिस्त्रीपाशी दे आन येस्टीनं गावाकडं जा. उद्यापास्नं येऊ नगस."

"जी," केरबा म्हणाला.

मी बॉनेट उघडलं. खरं कळल्यावर काम सोपं होतं. इंजिन बंद केलं की खरखर थांबते, म्हणजे दोष इंजिनापाशीच. इंजिन आणि चॅसिस यांना जोडणारी अर्थची जाड पट्टी असते, तिचा बोल्ट सोडवला. खाली मोरपंखी निळा. तोच पेंटर, तोच ब्रश. पूजेसाठी इंजिन धुताना पट्टी काढली होती आणि ओल्या रंगावर परत आवळली होती. गाडी उभी असली की पट्टी कशीबशी टेकून राहायची. चालत्या गाडीत इंजिन ओढ घेऊन हललं की ती सुटायची, टेकायची, सुटायची, आणि तेवढंच रेडिओत तडतडायचं. मी पॉलिश पेपरनं रंग घासून पांढरं लोखंड काढलं आणि पाना लावून बोल्ट अंगाचा जोर देऊन आवळला.

"केरबा, चालू करा. त्या चढावर नेऊन परत आणा."

आम्ही दोघं गेलो आणि आलो. खरखर नव्हती. त्यानं गाडी टपरीसमोर लावली, इंजिन चालूच ठेवलं. मी रेडिओचा काटा सांगलीवर नीट बसवला आणि आवाज वाढवला. दुरुस्त केलेला रेडिओ लावून बघणं हे माझं कामच आहे. कुणाला सांगणार नाही एवढं मी कबूल केलं होतं, रेडिओ लावणार नाही असं नव्हतं. जाता जाता तरी याला ते एक गाणं ऐकू दे, यापलीकडं माझ्या मनात काही नव्हतं.

निवेदिकेनं बारीक आवाजात सांगितलं, आता आष्ट्याच्या मनुबाई आणि लीलाबाई जात्यावरच्या ओव्या गातील. टपरीच्या बाकावर बसलेले नानासो उठले.

"आपली मनुबाई?" ते म्हणाले, आणि गाडीच्या दाराशी येऊन उभे राहिले.

केरबा समोरच्या काचेतून सरळ बघत होता. पहिली ओवी माहेरची, दुसरी भावाची. आवाज गोड नव्हता, जाड होता, पण एकेक शब्द सुटा येत होता. इंजिन चालू असून ऐकू येत होता. मग जरा थांबून ती तिसरी गायली.

घाटाच्या उतारी बाई, गाडी मुकी करू नये,
माझ्या गाण्याच्यापायी, जीव टांगणीला धरू नये.

केरबाचा हात स्टिअरिंगवरून खाली आला. लीलाबाईंनी ओळ उचलून पुन्हा म्हटली, जसं जात्यावर दुसरी बाई म्हणते. मग परत मनुबाई.

पहाटंच्या पारी मी गं, जात्यावर गाईन,
सोप्याच्या दारात, सूर माझा मी नेईन.

पुढं आणखी एक-दोन ओव्या झाल्या, पण त्या आमच्यापैकी कुणी ऐकल्या असतील असं वाटत नाही. मला एवढंच कळत होतं की भरल्या घरात जे बोलता येत नव्हतं ते ही बाई सबंध जिल्ह्यासमोर बोलून मोकळी झाली होती, आणि ज्याला सांगायचं त्याला ते बरोबर पोचलं होतं. कार्यक्रम संपून बाजारभाव सुरू झाले तेव्हा केरबानं हात पुढं करून रेडिओ बंद केला. त्याचे डोळे भरले होते आणि ते पुसायची त्याला लाज वाटत होती.

नानासो दारातून हलले नव्हते.

"डिझेल विकत न्हवतास तू," ते म्हणाले.

केरबानं मान खाली घातली.

"मग व्हय का म्हनलास रं?"

"काय सांगनार, मालक? बायकूचं गाणं ऐकाया इंजिन बंद करतो, आसं?"

"तिला कुनी सांगितलं?"

"म्याच. दिवाळीत घरी गेल्यावर, एकडाव. मला वाटलं, खूश हुईल. ती कायच बोलली न्हाई. चुलीम्होरनं उठून गेली."

नानासोंनी मान वळवून घाटाकडं पाहिलं. ते वळण खालून दिसत नाही, पण ते तिकडंच बघत होते. टपरीवाल्यानं ग्लास गोळा करून नेले.

"अर्जुनाला सांगायला कुनी न्हवतं," शेवटी ते म्हणाले. "आमी समदी त्याला शाबासकीच देत हुतो, डिझेल वाचवतो म्हनून."

मग ते वळसा घालून दुसऱ्या बाजूनं वर चढले, माझ्या शेजारी बसले आणि दार ओढून घेतलं.

"तिनं सांगितलंय तुला," ते केरबाला म्हणाले. "मी आनखी काय सांगू? घाल गिअर."

आम्ही साताऱ्याला पोचलो. दुकानासमोर मी पिशवी घेऊन उतरलो. उन्हं कलली होती, माल भरायची वेळ होत आली होती. केरबानं इंजिन चालूच ठेवलं होतं. किल्ली मी मागितली नाही, त्यानं दिली नाही, आणि नानासो दुसरीकडं बघत राहिले.